वाढ घरांची, कसोटी घरपणाची

2011 च्या जनगणनेत भारतातील साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या 10 कोटी 38 लाखांच्या आसपास होती. त्यानंतर ती वाढतच गेली; कुटुंबे मात्र लहान होत गेली. मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला आली, नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तेथून परदेशी स्थायिक झाली. ज्यांनी हयातभर भरल्या घरात दिवस काढले, त्यांच्या वाट्याला उतारवयात तीन खोल्यांची शांतता आली. अशा वेळी वृद्धनिवास हा शब्द पूर्वीसारखा कानाला बोचत नाही. गावोगावचे न्यास, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक आणि समाजातील कर्ती मंडळी या कामात उतरत आहेत, ही समाधानाची बाब आहे.

पहिला निवास बहुधा चांगला चालतो. तो उभारणारी व्यक्ती पहाटे स्वयंपाकघरात डोकावते, प्रत्येक आजी-आजोबांना नावाने ओळखते, कोणाला चहात साखर चालत नाही हे तिला तोंडपाठ असते. नाव होते, प्रतीक्षायादी लांबते, दाते पुढे येतात आणि विश्वस्तांच्या बैठकीत दुसऱ्या शाखेचा विषय निघतो. खरा प्रश्न येथून सुरू होतो. पहिले घर एका माणसाच्या मायेवर चालते. दुसरे, पाचवे, दहावे घर कशावर चालणार? संस्थापकाला एका वेळी दहा स्वयंपाकघरांत डोकावता येत नाही. या प्रश्नाला सामोरे गेलेल्या दोन देशांचे अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. त्यांतील एक अनुभव अमेरिकेचा आहे, दुसरा ब्रिटनचा.

आईने सोपवलेले काम

अमेरिकेतील अनुभव मराठी वाचकांना काहीसा जवळचा वाटावा, कारण तो जगापुढे विस्ताराने मांडणारे शल्यविशारद आणि लेखक डॉ. अतुल गावंडे यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. गावंडे यांच्या आजोबांनी वयाची शंभरी ओलांडली आणि अखेरपर्यंत ते आपल्या शेतीवाडीत, मुला-नातवंडांत राहिले. अमेरिकेत वाढलेल्या नातवाला हा अनुभव आणि तेथील वृद्धांचे जीवन यांतील अंतर अस्वस्थ करून गेले. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या 'बीइंग मॉर्टल' या त्यांच्या पुस्तकात केरन ब्राऊन विल्सन या बाईंची हकीकत आहे.

विल्सन महाविद्यालयात शिकत होत्या तेव्हा त्यांच्या आईला पक्षाघाताचा झटका आला. आईचे वय अवघे 55 आणि मुलीचे 19. गरिबीच्या संसारात घरी शुश्रूषा करणे शक्य नव्हते, म्हणून आईची रवानगी शुश्रूषागृहात झाली. तेथे औषध वेळेवर मिळे, अंथरूण स्वच्छ असे. पण केव्हा उठावे, काय ल्यावे, केव्हा जेवावे, दार लावावे की उघडे ठेवावे, यांपैकी कशावरही त्या माउलीचा अधिकार उरला नव्हता. माझ्यासारख्यांसाठी तू काहीतरी का करत नाहीस, असे ती मुलीला विचारत राहिली. मुलीने पुढे वार्धक्यशास्त्राचा अभ्यास केला आणि 1983 साली ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे 'पार्क प्लेस' नावाचा निवास सुरू केला.

त्यात 112 स्वतंत्र घरे होती. प्रत्येक घराला स्वतःचे स्नानगृह आणि स्वयंपाकाची सोय होती आणि विशेष म्हणजे दाराला आतून लावता येईल असे कुलूप होते. राहणाऱ्यांना 'रुग्ण' म्हणायचे नाही, ते भाडेकरू. दार वाजवल्याशिवाय सेविकेने आत यायचे नाही. पलंग-कपाट आपले, मांजर-कुत्रे आपले, झोपण्या-उठण्याची वेळ आपली. आंघोळ, औषधे, जेवण यांसाठी मदत हाकेच्या अंतरावर आणि रात्रीअपरात्री गरज पडली तर दाबायला बटण. जाणकारांनी तेव्हा हा प्रकार धोक्याचा ठरवला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुलूप लावू द्यायचे, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. ओरेगॉनच्या शासनाने या रहिवाशांवर लक्ष ठेवले आणि 1988 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रहिवाशांचे समाधान वाढले होते, प्रकृती टिकून होती, नैराश्य कमी झाले होते आणि सरकारी मदतीवर राहणाऱ्यांचा खर्च शुश्रूषागृहापेक्षा सुमारे 20 टक्के कमी आला होता.

यशाचे ओझे

मागणी वाढली तशी 1990 च्या दशकात विल्सन यांची संस्था कंपनी झाली आणि भांडवलासाठी शेअर बाजारात गेली. भांडवल आल्याने अल्प उत्पन्नाच्या वृद्धांपर्यंत आणि लहान गावांपर्यंत पोहोचता येईल, हा त्यांचा विचार अयोग्य नव्हता. 2000 सालापर्यंत कंपनीचे 18 राज्यांत 184 निवास झाले आणि शंभराहून कमी असलेला कर्मचारीवर्ग तीन हजारांवर गेला. बाहेरून पाहता हे लखलखीत यश होते.

आतले चित्र वेगळे होते. 'सहाय्यित निवास' हा शब्द एव्हाना इतका चलनी झाला होता की कोणताही बांधकाम व्यावसायिक आपल्या इमारतीवर तो लावू लागला. दाराचे कुलूप, स्वतःचा दिनक्रम, स्वतःचे निर्णय या मूळच्या कल्पना एकेक करून गळाल्या. वकील धोक्याची भीती दाखवू लागले, गुंतवणूकदार तिमाहीचा हिशेब मागू लागले. ज्या गोष्टी मोजता येत होत्या त्यांचे अहवाल बनले: किती खाटा भरल्या, किती जण पडले, किती औषधे चुकली. रहिवाशाचा दिवस कसा गेला, हे कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

यातील अडचण एका साध्या उदाहरणाने कळते. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजींना स्वतः पोलक्याची बटणे लावू द्यायची, तर शेजारी वीस मिनिटे धीराने थांबावे लागते. सेविकेने स्वतःच कपडे चढवले तर पाच मिनिटांत काम उरकते. अशा बारा आजी एकीच्या वाट्याला आल्या की वीस मिनिटांचा पर्याय आपोआप बाद होतो. सेविका दुष्ट नसते, व्यवस्थापक निर्दय नसतो. पण काही महिन्यांत त्या आजींची बोटे कायमची निकामी होतात. कागदावर मात्र सर्व कामे वेळेत झालेली असतात.

2000 साली विल्सन यांनी कंपनीचे नेतृत्व सोडले. पुढच्याच वर्षी कर्जाच्या भाराखाली कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण घ्यावे लागले. आईच्या नावाने स्थापन केलेल्या प्रतिष्ठानामार्फत गरीब वृद्धांसाठी काम करण्याचा मार्ग विल्सन यांनी पुढे निवडला. कल्पना उत्तम, संस्थापक निष्ठावंत आणि मागणी भरपूर असूनही केवळ वाढीचा वेग मूळ हेतूला कसा मागे टाकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

इमारती विकल्या, भाडे उरले

ब्रिटनमधील 'सदर्न क्रॉस' या कंपनीची कथा अधिक कठोर आहे. 1996 साली सुरू झालेल्या आणि डार्लिंग्टन शहरात मुख्यालय असलेल्या या कंपनीचा ताबा 2004 साली 'ब्लॅकस्टोन' या अमेरिकी गुंतवणूक संस्थेकडे गेला आणि 2006 साली ती शेअर बाजारात आली. ब्लॅकस्टोनने लवकरच आपला हिस्सा विकून काढता पाय घेतला. कंपनीचा विस्तार मात्र चालूच राहिला. सुमारे 750 निवास, 31 हजार रहिवासी आणि 40 हजारांहून अधिक कर्मचारी असा तो देशातील सर्वांत मोठा गट बनला.

हा विस्तार ज्या युक्तीवर उभा होता, ती व्यापारी वाचकांना चटकन समजेल. निवासांच्या इमारती गुंतवणूकदारांना विकायच्या आणि त्याच इमारती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने परत घ्यायच्या. विक्रीतून रोकड हाती येते, तिच्यातून वाढ साधते. पण भाडे दरवर्षी ठरलेल्या दराने चढत जाते आणि उत्पन्न तसे चढेलच याची हमी कोणी देत नाही. सदर्न क्रॉसचे वर्षाचे भाडे सुमारे 25 कोटी पौंडांवर गेले. 2008 च्या मंदीनंतर स्थानिक प्रशासनांनी हात आखडता घेतला. त्यांच्या खर्चाने येणारे रहिवासी कमी झाले आणि दरही वाढेनात. खाटा रिकाम्या पडू लागल्या, भाडे मात्र एका पेनीनेही कमी झाले नाही.

2011 च्या उन्हाळ्यात कंपनीने जागामालकांचे 30 टक्के भाडे चार महिन्यांसाठी रोखून धरले आणि जुलैमध्ये सर्व काही संपले. सुमारे 80 जागामालकांनी आपापल्या इमारती परत घेतल्या. 2007 मध्ये सहा पौंडांच्या घरात असलेल्या शेअरला आता सहा पेनींच्या आसपास भाव उरला होता. बुडणाऱ्या कापडगिरणीचे माग लिलावात काढता येतात. येथे खाटांवर 31 हजार जिवंत माणसे होती. त्यांतील अनेकांना आपण कोणत्या कंपनीचे 'ग्राहक' आहोत याचीही कल्पना नव्हती.

पैशाच्या या कोसळण्याआधीच सेवेची पडझड सुरू झालेली होती. वेस्ट ससेक्समधील 'ऑर्किड व्ह्यू' हा या गटाचा निवास 2009 साली नव्या कोऱ्या, देखण्या इमारतीत सुरू झाला आणि दोन वर्षांत बंद पडला. तेथील 19 रहिवाशांच्या मृत्यूची न्यायिक चौकशी झाली. त्या सर्वांना मिळालेली सेवा अपुरी होती आणि त्यांपैकी 5 जणांच्या मृत्यूला हेळसांडीने हातभार लावला, असा निष्कर्ष ऑक्टोबर 2013 मध्ये नोंदवला गेला. औषधांच्या नोंदींतील गंभीर चुका उजेडात आल्या, त्या तेथेच काम करणाऱ्या एका महिलेने धैर्य करून पोलिसांकडे धाव घेतली म्हणून. आई-वडिलांना तेथे ठेवणाऱ्या मुलांनी प्रशस्त दालन, नवे पडदे आणि चकचकीत फरशी पाहिली होती. रात्री किती माणसे कामावर असतात, हे दालनात उभे राहून दिसत नाही.

सावरणारे काय करतात

सदर्न क्रॉसच्या निवासांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. निवास वेगवेगळ्या चालकांकडे वाटले गेले आणि रहिवाशांना एका रात्रीत रस्त्यावर यावे लागले नाही. सुमारे 250 निवास 'एचसी-वन' या नव्या कंपनीने हाती घेतले. एक मोठा जागामालक आणि भारतीय वंशाचे डॉक्टर चाय पटेल यांचा 'कोर्ट कॅव्हेंडिश' हा गट यांनी मिळून ती उभारली होती. मोडकळीस आलेला गट हाती घेणाऱ्यापुढे पहिले काम असते ते प्रत्येक निवासाला कायमचा, सक्षम व्यवस्थापक मिळवून देण्याचे. रंगरंगोटी आणि नवे फलक त्यानंतर.

इंग्लंडमध्ये 2009 पासून 'केअर क्वालिटी कमिशन' ही सरकारी यंत्रणा प्रत्येक निवासाची तपासणी करते. तिचे पाच प्रश्न ठरलेले आहेत: निवास सुरक्षित आहे का, सेवा परिणामकारक आहे का, वागणुकीत आस्था आहे का, रहिवाशाच्या गरजेनुसार सेवा बदलते का आणि नेतृत्व चांगले आहे का. उत्तरांवरून 'उत्कृष्ट' पासून 'अपुरा' पर्यंत चार श्रेणी दिल्या जातात आणि ती श्रेणी निवासाच्या दर्शनी भागात लावावीच लागते. या यंत्रणेने 2014 ते 2017 या काळातील तपासण्यांचा आढावा घेतला तेव्हा दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. निवासाचा दर्जा तेथील व्यवस्थापकावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो, ही पहिली. लहान निवासांच्या श्रेणी मोठ्यांपेक्षा सर्वसाधारणपणे सरस असतात, ही दुसरी.

गट चालवणाऱ्याच्या दृष्टीने यांतील पहिला मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. निवासाचा व्यवस्थापक म्हणजे केवळ मुख्य लेखनिक नव्हे. पहाटेच्या पाळीला कोणी आले नाही तर पर्यायी माणूस तो उभा करतो. आजोबांनी दोन दिवस जेवण अर्धवट टाकले हे त्याच्या ध्यानात येते. मरण जवळ आले असता कुटुंबाशी काय बोलावे हे त्याला ठाऊक असते. असा माणूस घडायला वर्षे लागतात. इमारत दीड वर्षात उभी राहते, व्यवस्थापक दीड वर्षात घडत नाही. म्हणून वाढीचा वेग भांडवलावरून ठरवणाऱ्या गटांची फसगत होते. जो गट आपल्या चालू निवासांत उद्याचे व्यवस्थापक आधीपासून तयार करतो, उपव्यवस्थापकाला दोन-तीन वर्षे हाताखाली शिकवतो आणि तो तयार झाल्यावरच नव्या जागेचा शोध घेतो, त्याची वाढ संथ दिसते. पण ती टिकते.

हिशेब माणसांचा

वृद्धनिवासाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा असतो, आणि संकट आले की पहिली कात्री तेथेच लागते. म्हणून हा हिशेब आरंभीच नीट समजून घ्यावा. आठवड्याचे 168 तास असतात. एक सेविका आठवड्याला 48 तास काम करते असे धरले, तर एकच जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यासाठी साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, सणवार आणि प्रशिक्षण धरता चार. 40 रहिवाशांच्या निवासात एका वेळी चार सेविका हव्या असतील तर पटावर सोळा हव्यात. स्वयंपाकी, सफाई कामगार, परिचारिका आणि चौकीदार वेगळे. आरंभीच्या अंदाजपत्रकात 'सेविका: 6' असे लिहिलेले असेल, तर तो निवास कागदावरच आजारी आहे.

संख्येइतकेच महत्त्व माणसे टिकण्याला आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना रोज नवा चेहरा दिसला की त्या भेदरतात, जेवण नाकारतात, अंगाला हात लावू देत नाहीत. तीच मावशी दोन वर्षे असेल तर आजींचे न बोललेले दुखणेही तिला कळते. कुशीला पडलेला लालसर डाग, पाय ओढत चालणे, लघवीचा बदललेला रंग हे प्रथम तिच्या नजरेस येते, डॉक्टरांच्या नाही. पाळी बदलताना जाणाऱ्या सेविकेने येणाऱ्या सेविकेला या गोष्टी सांगण्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवणे, हा कोणत्याही गटातील सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित उपाय आहे. त्या पंधरा मिनिटांचा पगार द्यायला मात्र संचालकांची तयारी हवी.

ब्रिटनने माणसांची उणीव परदेशातून भरून काढण्याचा प्रयत्न केला. फेब्रुवारी 2022 मध्ये सेवाकर्मींसाठी विशेष व्हिसा खुला झाला आणि भारतासह अनेक देशांतून माणसे तेथे गेली. 22 जुलै 2025 पासून परदेशातून नव्याने येणाऱ्यांसाठी ते दार बंद झाले. ज्या गटांनी दरम्यानच्या काळात आपल्या गावातील माणसांचे पगार, प्रशिक्षण आणि बढती यांकडे लक्ष दिले नाही, त्यांच्यापुढे जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. आपल्याकडेही मोठ्या शहरांतील निवास बहुधा दूरच्या खेड्यांतून आलेल्या स्त्रियांच्या कष्टांवर चालतात. त्यांना राहण्याची नीट जागा, आठवड्याची सुटी आणि पुढे परिचारिका-साहाय्यक होण्याची वाट दिसली, तर त्या टिकतात. अन्यथा चार पैसे जास्त मिळताच त्या दुसरीकडे जातात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

लहान घरांची साखळी

मग गट वाढवूच नये काय? तसे मुळीच नाही. मोठ्या गटाचे लाभ खरे असतात. औषधे आणि धान्य घाऊक भावात मिळते, प्रशिक्षणाची सोय एकत्र करता येते, एका निवासात माणूस कमी पडला तर दुसऱ्यातून पाठवता येतो आणि एका जागी झालेली चूक बाकीच्या ठिकाणी टाळता येते. प्रश्न आहे तो काय मोठे करायचे आणि काय लहान ठेवायचे, हे ठरवण्याचा.

अमेरिकेतील डॉ. बिल थॉमस यांनी याचे एक उत्तर दिले. त्यांच्या कल्पनेतून 2003 साली मिसिसिपी राज्यातील टुपेलो येथे पहिली 'ग्रीन हाउस' घरे उभी राहिली. एका घरात दहा-बारा रहिवासी, प्रत्येकाला स्वतंत्र खोली, मध्यभागी उघडे स्वयंपाकघर आणि एकच मोठे जेवणाचे टेबल. स्वयंपाक, स्वच्छता आणि शुश्रूषा ही कामे वेगवेगळ्या विभागांत न वाटता त्याच मोजक्या सेविका मिळून करतात, त्यामुळे त्या रहिवाशांना कुटुंबीयांसारख्या ओळखतात. संस्थेला वाढायचे असेल तेव्हा घर मोठे होत नाही. तसेच आणखी एक घर उभे राहते. हिशेब, खरेदी आणि प्रशिक्षण एकत्र. जेवण, झोप आणि माया घरोघर निराळी.

ब्रिटनमधील 'मेथडिस्ट होम्स' या धर्मादाय संस्थेचा प्रवासही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वृद्धांच्या एकाकीपणाने व्यथित झालेल्या वॉल्टर हॉल या धर्मोपदेशकांनी 1943 साली तिची स्थापना केली आणि 1945 मध्ये वॉलिंग्टन येथे पहिले घर उघडले. आज या संस्थेची ऐंशीच्या आसपास निवासगृहे आहेत, पण त्यासाठी तिने आठ दशके घेतली. सदर्न क्रॉसने पंधरा वर्षांत सातशेपन्नास निवास जमवले आणि गमावलेही.

आपल्याकडील प्रश्न

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या 2007 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान एक, तोही किमान 150 जणांची सोय असलेला निवास उभारण्याची तरतूद केली आहे. महाराष्ट्रात ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना महारेराने 2024 साली किमान निकष घालून दिले. दारांची रुंदी, उतार, लिफ्ट, स्नानगृहातील आधाराच्या दांड्या या गोष्टी त्यामुळे मार्गी लागतील. पण इमारत कशी असावी हे नियमाने सांगता येते. तिच्यात राहणाऱ्याला कोणी नावाने हाक मारावी, हे नियमात लिहून होत नाही. ती जबाबदारी चालकांची आणि विश्वस्तांची आहे.

येथे दानाच्या आपल्या रीतीचाही विचार व्हावा. आपल्याकडे दाते उदार आहेत. धर्मशाळा, भोजनशाळा, पांजरपोळ आणि रुग्णालये त्यांच्या औदार्यावर उभी राहिली. परंतु दान बहुधा दिसणाऱ्या वस्तूला मिळते: खोलीला, सभागृहाला, लिफ्टला. त्यावर नामफलक लागतो आणि तो लागण्यात गैर काही नाही. रात्रपाळीच्या सेविकेच्या पगाराला मात्र नामफलक नसतो, म्हणून त्यासाठी देणगीही क्वचितच मिळते. परिणाम असा की, संस्था नवनव्या इमारतींच्या मालक होतात आणि जुन्या इमारतींतील माणसांचे पगार थकतात. एखाद्या दात्याने खोलीऐवजी एका सेविकेचे दहा वर्षांचे वेतन आणि प्रशिक्षण आपल्या दिवंगत आईच्या नावे दिले, तर त्या स्मृतीला त्याहून जिवंत रूप कोणते मिळेल?

दुसरी शाखा उघडण्याचा ठराव मांडला जाईल, तेव्हा विश्वस्तांनी काही प्रश्न स्वतःला मोकळेपणाने विचारावेत. पहिल्या निवासाचा संस्थापक तीन महिने बाहेरगावी गेला, तर तेथील कारभार बिघडेल काय? नव्या जागेचा व्यवस्थापक आज आपल्याच संस्थेत शिकतो आहे काय, की जाहिरात देऊन शोधायचा आहे? दहापैकी तीन खाटा वर्षभर रिकाम्या राहिल्या, तरी कर्जाचा हप्ता अथवा भाडे देऊन पगार भागतील काय? गेल्या वर्षी किती सेविका सोडून गेल्या आणि त्या का गेल्या? एखाद्या कर्मचाऱ्याला गैरप्रकार दिसला, तर तो व्यवस्थापकाला वगळून थेट विश्वस्तांकडे येऊ शकतो काय? आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आजींना, कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या आजोबांना आणि रात्री नऊला गरम भाकरी लागणाऱ्या शेजाऱ्याला, तिघांनाही आपापल्या वेळी आपापले ताट मिळते काय? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, परंतु ज्या निवासाला तो झेपत नाही, त्याला दहा निवासांचा कारभार झेपणे कठीण आहे.

मुलांनी आपल्या आई-वडिलांसाठी निवास पाहायला जावे, ते सकाळी अकरा वाजता स्वागतकक्षात चहा घेण्यासाठी नव्हे. शक्य असेल तर रविवारी संध्याकाळी, जेवणाच्या वेळी, पूर्वसूचनेविना जावे. किती माणसे कामावर आहेत ते मोजावे. ज्यांना स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, त्यांच्याजवळ कोणी बसून भरवते आहे का, ते पाहावे. दोन-तीन रहिवाशांशी त्यांच्या खोलीत जाऊन बोलावे आणि सेविकेला त्यांची नावे व सवयी ठाऊक आहेत का, याची सहज चौकशी करावी. त्या निवासाच्या आणखी किती शाखा आहेत, हा प्रश्न त्यानंतर विचारला तरी चालेल.